बिनभाड्याची बिऱ्हाडं

परभणी, नांदेड, जालना, औरंगाबाद इकडून हैदराबादला येणारा माणूस पूर्वी काचीगुड्याला उतरायचा. मनमाडहून निघालेली मीटरगेज गोदावरीच्या खोऱ्यातून फिरत रात्रभराने इथे पोचायची. 1916 साली बांधलेलं ते घुमटांचं स्टेशन आजही उभं आहे. उतरणाऱ्याच्या हातात एक वळकटी, एक ट्रंक आणि खिशात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पत्ता गौलीगुड्याचा, आणि मजकूर ओळीभराचा: हा आपलाच मुलगा आहे, ठेवून घ्यावा.

गौलीगुड्यातल्या मराठी घरांचा इतिहास सांगायचा तर वकील, शिक्षक, जहागिरीतले कारकून आणि रामनवमीचे उत्सव यांच्याबरोबर या चिठ्ठ्यांचाही सांगावा लागतो. कारण या वस्तीतल्या बऱ्याच घरांत घरच्या माणसांइतकीच बाहेरची माणसं राहिली. त्यांच्याकडून कोणी भाडं घेतलं नाही, आणि त्या न घेतलेल्या भाड्यावर पुढे सरकारने कर मागितला. माझा जन्म याच वस्तीतला. वडील इन्कम टॅक्सची कामं करायचे, नंतर मीही तेच केलं. त्यामुळे या रिवाजाची एक बाजू मी स्वयंपाकघरातून पाहिली आणि दुसरी फायलींमधून.

वस्तीची जागा मोक्याची. एका बाजूला मुसी नदी आणि अफझलगंज, दुसऱ्या बाजूला पुतळीबावडी आणि कोठी, जवळच जांबाग. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांनी 1907 साली सुरू केलेली विवेकवर्धिनी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, नदीकाठी हायकोर्टाची लाल इमारत उभी राहिली, समोरच्या काठावर उस्मानिया दवाखाना झाला. शिकायला येणारा, खटला लढवायला येणारा आणि आजारी माणसाला घेऊन येणारा, तिघांनाही गौलीगुडा सोयीचा. मराठवाड्यातल्या पाच जिल्ह्यांचं राजधानीचं शहर हेच होतं, पुणं-मुंबई नव्हे. ही गोष्ट आज महाराष्ट्रातल्या वाचकाला मुद्दाम सांगावी लागते.

आमच्या घरात चौकाच्या डाव्या हाताला एक लांबट खोली होती. तिला आजही आम्ही पोरांची खोली म्हणतो, जरी तिथे राहिलेली पोरं केव्हाच आजोबा होऊन गेली. भिंतीत पाच कोनाडे, एकेका मुलाला एकेक. कोनाड्यात पुस्तकं, कंदील, तेलाची बाटली, आणि खाली ट्रंक. अंथरुणं सकाळी गुंडाळून माळ्यावर. माझ्या पणजीने घालून दिलेला नियम असा की राहायचं इथे, पण जेवायचे वार लावून. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. म्हणजे एका घरावर ओझं नको आणि मुलाला सात घरांची ओळख व्हावी. एखाद्याचा एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी त्याचं पान आमच्याकडे, हे न सांगता ठरलेलं. वाराचं जेवण हे दान आहे असं पणजीला वाटत नसे. मुलं उपकाराखाली वाकून राहिली तर ती रागवायची. मोबदला एकच: संध्याकाळी घरातल्या लहानांचा अभ्यास घ्यायचा आणि विहिरीचं पाणी भरायला हात लावायचा.

हा मोबदला लक्षात ठेवा. पुढे एका अधिकाऱ्याने अशाच एका मोबदल्यावर बोट ठेवलं.

रिवाजाला बळ आलं ते संकटांनी. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला पूर आला आणि सखल भागातल्या वस्त्याच्या वस्त्या एका दिवसात वाहून गेल्या. सुमारे पंधरा हजार माणसं गेली असं मानतात. ज्यांची घरं उंचावर होती त्यांनी दारं उघडली. पुढच्या वर्षी विश्वेश्वरय्या आले, त्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले, मुसी बांधली गेली. पण पुरात घर गेलेली काही कुटुंबं यजमानांच्या घरी पावसाळ्यापुरती म्हणून आली आणि वर्षानुवर्षं राहिली. आमच्या गल्लीत अशा एका कुटुंबाच्या मुलीचं लग्न यजमानांनीच लावून दिलं होतं.

त्या काळी अशा मुक्कामाची सरकारदरबारी दखल घेण्याचं कारणच नव्हतं. ब्रिटिश हिंदुस्थानात इन्कम टॅक्स 1860 पासून होता, 1886 पासून कायमचा झाला, पण निजामाच्या राज्यात तो नव्हता. इथे घरमालकाला घरपट्टी तेवढी ठाऊक. गंमत अशी की गौलीगुड्याला लागून असलेला सुलतान बाजार आणि आसपासचे रेसिडेन्सी बाजार 1933 पर्यंत इंग्रज रेसिडेंटच्या अमलाखाली होते. रस्ता ओलांडला की दफ्तर वेगळं, पोलीस वेगळे. व्यवहार निजामाच्या हाली शिक्क्यात, सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. आजोबांच्या वहीत किराणा, दूध, कंदिलाचं तेल यांचे आकडे हालीत आहेत. पोरांच्या खोलीपुढे आकडा नाही. नुसती नावं आणि गावं: सेलू, हिंगोली, वसमत, अंबाजोगाई, कळंब.

1938 मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला. त्याच सुमारास उस्मानियाच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, त्यातल्या अनेकांना शिक्षण पुरं करायला नागपूरची वाट धरावी लागली. मुलांना घरात ठेवून घेणं आता जोखमीचं झालं. आजोबा वकील, सनद जाण्याची भीती खरी. तरी वहीतल्या नावांत त्या वर्षी खंड नाही, फक्त काही नावांपुढे गाव लिहिलेलं नाही.

मग 1947-48. रझाकारांच्या धास्तीने शहरातली किती तरी मराठी कुटुंबं सोलापूर, बार्शी, नागपूरकडे निघून गेली. आमचंही घर सात-आठ महिने बंद राहणार होतं. बंद घर म्हणजे लुटीला आमंत्रण. आजोबांचे एक मुसलमान वकील मित्र शेजारच्या मोहल्ल्यात राहायचे. ते बायकोमुलांसकट आमच्या घरात येऊन राहिले. बैठकीत त्यांनी आपली पाटी लावली, देवघराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि वाराच फिरला. आता भीतीत ते होते. आजोबा परत आले तेव्हा त्यांनी मित्राला घर सोडू दिलं नाही. पुढची काही वर्षं दोन्ही कुटुंबं एकाच छपराखाली राहिली. कोणी कोणाचं भाडेकरू होतं हे त्या दोघांना विचारण्याची हिंमत कोणाला झाली नसती.

सरकारने मात्र विचारलं. निजामी राजवटीच्या अगदी शेवटी 1357 फसलीचा हैदराबाद इन्कम टॅक्स कायदा आला आणि 1 एप्रिल 1950 पासून भारताचा 1922 चा कायदा इथे लागू झाला. त्या कायद्याच्या नवव्या कलमात घराकडे पाहण्याची एक विशिष्ट नजर आहे. घराने किती पैसे दिले हे तो मुळात विचारत नाही. हे घर वर्षाच्या कराराने भाड्याने दिलं असतं तर वाजवी किती भाडं आलं असतं, हे विचारतो. ती रक्कम म्हणजे घराचं वार्षिक मूल्य, आणि कर त्यावर. मालक स्वतः राहत असेल तर सवलत होती: हे मूल्य त्याच्या एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त धरायचं नाही. मित्र राहत असेल तर काय, याबद्दल कायदा गप्प. आणि करकायद्यात गप्प राहणं मालकाच्या बाजूचं क्वचितच असतं.

हे प्रश्न घरोघरी पोचले ते 1 नोव्हेंबर 1956 नंतर. हैदराबाद राज्य तुटलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. मराठी सरकारी नोकरांची वाटणी झाली. गौलीगुड्यातून सामान भरलेल्या लॉऱ्या औरंगाबादकडे निघाल्या. घर विकायला मन होईना, कोणा परक्याला भाड्याने द्यायला भीती, कारण 1954 पासून हैदराबादेत भाडेनियंत्रणाचा कायदा होता आणि 1960 मध्ये आंध्र प्रदेशचा नवा आला. एकदा शिरलेला भाडेकरू निघत नाही हा सर्वांचा अनुभव. मग घर द्यायचं कोणाला? विश्वासाच्या माणसाला, राहायला, बिनभाड्याने.

आमच्या पलीकडच्या घरातले तहसीलदारकाका असेच गेले. घर त्यांनी मास्तरांकडे सोपवलं. मास्तर म्हणजे पोरांच्या खोलीतलेच एक जुने. शिकून इथेच शिक्षक झाले होते आणि चाळीत दोन खोल्यांत पाच माणसं घेऊन राहत होते. जाताना काका एवढंच म्हणाले, “मास्तर, तुळशीला पाणी घाला आणि दिवाळीला चुना काढा. बाकी घर तुमचं.”

काकांचं विवरणपत्र माझे वडील भरायचे. सुरुवातीला अडचण नव्हती. 1961 च्या नव्या कायद्यात तेविसाव्या कलमात तरतूद होती की एकच घर असलेला माणूस नोकरीमुळे परगावी, परक्याच्या घरात राहत असेल आणि त्यामुळे स्वतःच्या घरात राहू शकत नसेल, तर त्याला सवलत. अटी दोन: घर प्रत्यक्ष भाड्याने दिलेलं नसावं आणि त्यातून मालकाला दुसरा कोणताही लाभ होऊ नये. एका वर्षी फाईल नव्या अधिकाऱ्याकडे गेली. त्यांनी घरपट्टीची पावती मागितली. पावतीवर काकांचं नाव, पण पैसे मास्तरांनी भरलेले, हे काकांनी भाबडेपणाने पत्रात लिहूनच टाकलं होतं. शिवाय दरवर्षीचा चुना. अधिकारी म्हणाले, हा लाभच झाला. वडिलांनी वाद घातला की घर जपणं म्हणजे भाडं नव्हे, तुळशीला पाणी घालण्याची किंमत कशी काढणार? चुन्याचं अधिकाऱ्यांनी सोडून दिलं. घरपट्टीचं सोडलं नाही.

मला अधिकाऱ्यांचं म्हणणं तेव्हाही चुकीचं वाटलं नाही. घरपट्टी हे मालकाचं देणं. ते दुसऱ्याने फेडलं तर मालकाच्या पदरात काहीतरी पडलंच. पुढच्या वर्षापासून काका घरपट्टीचे पैसे औरंगाबादहून मनीऑर्डरने पाठवू लागले आणि मनीऑर्डरची पावती वडिलांच्या फाईलला लागू लागली. मास्तरांना याचा फार त्रास झाला. एवढंही करू देत नाहीत म्हणून त्यांनी काकांना पत्र लिहिलं. काकांनी उत्तरात कायद्याचं कारण दिलं नाही, नुसतं लिहिलं की मोठ्या भावाचं ऐकायचं असतं.

निवृत्तीनंतर काकांनी औरंगाबादेत छोटं घर बांधलं आणि सवलत संपली. आता त्यांची घरं दोन झाली. ज्यात राहतात ते एक, आणि गौलीगुड्याचं दुसरं, ज्यातून एक पैसा येत नाही पण ज्याचं वाजवी भाडं त्यांच्या उत्पन्नात धरलं जाणार. पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाने मित्राला छप्पर दिलं आणि त्या छपराचा कर स्वतः भरायचा. वडिलांनी सुचवलं की नाममात्र भाडं तरी घ्या. काका म्हणाले, “त्यांच्याकडून घेऊ? आणि हे बघ, करबिराचं मास्तरांना कळता कामा नये.” ते शेवटपर्यंत कळलं नाही. दरवर्षी चलन भरलं जायचं, मी ते बँकेत नेऊन द्यायची, आणि परत येताना मास्तर ओट्यावर दिसले की विषय बदलायची.

दिलासा दिला तो सुप्रीम कोर्टाने. 1979 साली दिवाण दौलतराय कपूर यांच्या खटल्यात कोर्टाने म्हटलं की जिथे भाडेनियंत्रण आहे तिथे त्या कायद्याने जितकं भाडं घेता येईल त्याहून जास्त भाड्याची वाजवी अपेक्षा धरता येणार नाही. भाडं प्रत्यक्षात ठरवून घेतलेलं असो वा नसो. तो खटला दिल्लीच्या घरपट्टीचा. 1981 मध्ये शीला कौशिश यांच्या खटल्यात तेच तत्त्व इन्कम टॅक्सला लावलं. आमच्या राज्याच्या कायद्यात जुन्या घराचं वाजवी भाडं ठरवताना 1944 च्या आधीच्या वर्षातली त्या भागातली भाडी पाहायची होती. गौलीगुड्यातल्या माडीवजा घराचं 1944 चं भाडं! त्यावर कायद्याने मान्य केलेली वाढ धरली तरी आकडा इतका लहान आला की काकांच्या करातून ते घर जवळजवळ पुसलं गेलं. भाडेनियंत्रणाच्या कायद्यांना घरमालकांनी जन्मभर शिव्या दिल्या. फुकट राहू देणाऱ्यांना मात्र त्याच कायद्याने आधार दिला, हे कुठे लिहिलं गेलेलं नाही म्हणून मी लिहिते आहे.

1986 च्या वित्त अधिनियमाने स्वतःच्या राहत्या एका घराचं मूल्य शून्य केलं. 2019 पासून अशी दोन घरं शून्य धरता येतात. तरी 2025 पर्यंत अट तीच होती: मालक स्वतः राहत असला पाहिजे किंवा नोकरी-व्यवसायामुळे राहू शकत नसला पाहिजे. मुलाकडे पुण्याला गेलेली म्हातारी आई या अटीत नीट बसत नव्हती, आजारी माणूस बसत नव्हता. 2025 च्या वित्त अधिनियमाने तेविसावं कलम बदललं. आता मालक घरात राहत असेल किंवा कोणत्याही कारणाने राहू शकत नसेल तर मूल्य शून्य, दोन घरांपर्यंत. 2025 च्या नव्या प्राप्तिकर अधिनियमातही हीच मांडणी आहे. कायद्याने मित्राचं नाव घेतलेलं नाही, पण काकांच्या काळी हे शब्द असते तर चलनं भरावी लागली नसती. भाड्याने देऊ नका आणि बदल्यात लाभ घेऊ नका, या दोन अटी मात्र कायम आहेत.

तिसरं घर असलं की जुनं गणित जसंच्या तसं. समजा वडिलोपार्जित घराचा एक मजला मित्राला दिला आणि त्याचं वाजवी भाडं महिना 12,000 आहे. वर्षाचे 1,44,000. मालकाने स्वतः भरलेली घरपट्टी 4,000 वजा, राहिले 1,40,000. त्यातून ठोक वजावट 30 टक्के, म्हणजे 42,000. करपात्र 98,000. मालक 20 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर 19,600 आणि त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 20,384 रुपये. हातात काही न येता. घरपट्टी मित्राने भरली असेल तर 4,000 ची वजावटही गेली. राहणाऱ्यावर मात्र यातलं काही येत नाही. फुकट राहण्याची मुभा म्हणजे घर भेट मिळणं नव्हे. फक्त त्याने कचेरीत भाड्याच्या खोट्या पावत्या देऊन घरभाडे भत्त्याची सूट घेऊ नये. तशा पावत्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे तुटलेली दोस्तीही.

महापालिकेचा हिशेबही याच नजरेचा. 1955 च्या हैदराबाद महापालिका कायद्यात घरपट्टीचा पाया म्हणजे घराला वाजवी येऊ शकेल ते वार्षिक भाडं. चौरस फुटाचा दर गुणिले क्षेत्रफळ गुणिले बारा महिने. इमारत चाळीस वर्षांहून जुनी असेल तर 30 टक्के सूट. शिवाय 8 टक्के ग्रंथालय उपकर, जो मला भरायला कधीच जड गेला नाही.

करापेक्षा मोठी भीती कब्जाची. मास्तर आणि काका दोघेही गेल्यावर पुढच्या पिढीत तीच भीती उभी राहिली. औरंगाबादच्या मुलांना वाटलं की इतकी वर्षं राहिलेले आता हक्क सांगतील. मास्तरांच्या मुलाला वाटलं की आपल्यावर संशय घेतला. दोन्हीकडून नोटिसा निघाल्या. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या मालमत्तेच्या वादात, मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस यांच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने 2012 साली स्पष्ट केलं की मालकाच्या मर्जीने फुकट राहणारा नातेवाईक, मित्र वा रखवालदार कितीही दशकं राहिला तरी त्याला मालकी हक्क येत नाही. मी तो निकाल दोन्ही घरांना वाचून दाखवला. मास्तरांचा मुलगा ऐकून म्हणाला, “ताई, हे आम्हाला कोर्टाने सांगायला हवं होतं का?” महिन्याभरात त्याने घर रिकामं केलं. जाण्याआधी चुना काढला.

म्हणून आता मी कागद करायला लावते, आणि त्यात मैत्रीचा अपमान आहे असं मला वाटत नाही. एका पानाचा परवानगीपत्राचा कागद: अमुक तारखेपासून स्नेहापोटी राहू देत आहे, भाडं नाही, अनामत नाही, घरपट्टी मालक भरेल, वीज आणि पाण्याचं बिल राहणारा भरेल, घर मागितल्यावर तीन महिन्यांत सोडेल. स्टँपपेपर, दोन साक्षीदार. भाडं हा शब्द नकारातच यावा, आणि घराची देखभाल हा मोबदला आहे असं चुकूनही लिहू नये. गेल्या वर्षी पुण्यात स्थायिक झालेल्या एका गृहस्थांनी असा कागद करून गौलीगुड्यातला वरचा मजला मित्राच्या मुलीला दिला. ती कोठीच्या मेडिकल कॉलेजात शिकते. त्यांची घरं दोनच, त्यामुळे मूल्य शून्य. घरपट्टी ते पुण्याहून ऑनलाइन भरतात आणि पावती मला पाठवतात. मुलीच्या वडिलांनी विचारलं, निदान रंग तरी देऊ का. मी म्हटलं द्या, पण बिल तुमच्याजवळच ठेवा.